नोंद एकाच जागी, दिसावी सगळीकडे

दाताच्या डॉक्टरांची वेळ तुम्ही मोबाईलवर टाकलेली असते. ऑफिसातल्या आउटलुकला तिचा पत्ता नसतो, म्हणून कुणीतरी नेमक्या त्याच वेळेला मीटिंग लावतं. शाळेतली पालकसभा जोडीदाराच्या फोनमध्ये असते, तुमच्या फोनमध्ये नसते. घरच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड उघडावं, तर तिथे गेल्या वर्षीच्या नोंदी आहेत आणि यंदाच्या गायब. मग वैतागून माणूस 'सिंक' नावाचं जे बटण दिसेल ते दाबतो आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वाढदिवस तीन-तीनदा दिसायला लागतो.

हे टाळायला संगणकातलं फार कळावं लागत नाही. फक्त कुठलंही बटण दाबण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे प्रत्येक नोंदीचं मूळ कुठे राहणार. डॉक्टरची वेळ गुगल कॅलेंडरमध्ये राहणार असेल तर ती तिथेच टाकायची, बदलायची ती तिथेच आणि खोडायचीही तिथेच. बाकीच्या ठिकाणी ती दिसली की पुरे. पुढचं सगळं या एका नियमाच्या आधाराने वाचा.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रोग्रामना एकमेकांची नोंद वाचताच येत नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. अपॉइंटमेंट कशी लिहायची याचं एक सामायिक मानक १९९८ पासून आहे. त्याचं नाव आयकॅलेंडर. २००९ मध्ये ते सुधारून पुन्हा प्रसिद्ध झालं. शेवटी 'आयसीएस' असलेली जी फाइल विमानाच्या तिकिटासोबत किंवा वेबिनारच्या ईमेलसोबत येते, ती याच मानकाची. गुगल, ॲपल, आउटलुक, थंडरबर्ड हे सगळे ती वाचतात. नोंद कधी सुरू होते, कधी संपते, दर किती दिवसांनी पुन्हा येते, आठवण किती आधी करायची हे सगळं त्यात साध्या मजकुरात लिहिलेलं असतं.

अडचण येते ती नोंद एकीकडून दुसरीकडे जाण्याच्या वाटेत. सर्व्हरवरचं कॅलेंडर वाचायचं आणि त्यात बदलही करायचे, यासाठी २००७ मध्ये 'कॅलडॅव्ह' नावाची पद्धत ठरली. गुगल, ॲपलचं आयक्लाउड, नेक्स्टक्लाउड हे तिला धरून चालतात. मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज स्वतःच्या वेगळ्या वाटेने चालतं. ऑफिसचं आउटलुक आणि घरचं गुगल यांची सोयरीक जुळताना त्रास होतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

एका कॅलेंडरमधली नोंद दुसरीकडे दिसायचे तीन मार्ग आहेत आणि लोक या तिन्हींना सरसकट सिंक म्हणतात. निम्मे घोटाळे यातूनच होतात, म्हणून इथे जरा थांबू या.

पहिला मार्ग इम्पोर्ट. एका प्रोग्राममधून आयसीएस फाइल काढायची आणि दुसऱ्यात घालायची. सातबाऱ्याचा उतारा काढून घरी आणून ठेवावा, तसं हे आहे. पुढे तलाठ्याकडे फेरफाराची नोंद झाली तरी घरातल्या कागदावरचं अक्षर बदलत नाही. इम्पोर्ट केलेली नोंद त्या दिवशी जशी होती तशीच राहते. मूळ अपॉइंटमेंट सोमवारची बुधवारी गेली तरी हिला ते कळत नाही. शिवाय गुगल कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट केलेल्या नोंदीसोबत पाहुण्यांची यादी आणि व्हिडिओ मीटिंगची लिंक येत नाही. जुन्या प्रोग्राममधून नव्यात कायमचं बिऱ्हाड हलवायचं असेल तेव्हाच हा मार्ग घ्यावा. रोजच्या कामाला तो उपयोगाचा नाही.

दुसरा मार्ग सबस्क्राइब करण्याचा. इथे फाइल न देता तिचा इंटरनेटवरचा पत्ता द्यायचा आणि तुमचा प्रोग्राम अधूनमधून त्या पत्त्यावर जाऊन नवं काय आहे ते बघून येतो. सुट्ट्यांची यादी, क्रिकेटचं वेळापत्रक, कॉलेजचं परीक्षा वेळापत्रक यासाठी हा उत्तम. पण तो एकेरी आहे. तुम्हाला दिसतं, बदलता येत नाही. आणि 'अधूनमधून' म्हणजे किती, हे प्रत्येकाचं वेगळं. गुगल कॅलेंडरमध्ये पत्ता देऊन जोडलेल्या कॅलेंडरमधला बदल दिसायला १२ तासांपर्यंत लागू शकतात असं गुगलच सांगतं. आउटलुकच्या वेब आवृत्तीत हा वेळ कधी २४ तासांच्याही पुढे जातो. मॅकवरच्या कॅलेंडरमध्ये मात्र दर ५ मिनिटांनी, दर तासाने, दररोज, असं तुम्हीच ठरवू शकता. सकाळी बदललेली दुपारची अपॉइंटमेंट या मार्गाने वेळेत पोचेल यावर विसंबू नका. गुगलमध्ये पत्ता देऊन कॅलेंडर जोडायची सोय फोनवरच्या ॲपमध्ये नाही, संगणकावर ब्राउझर उघडूनच ते करावं लागतं. हे माहीत नसल्याने पुष्कळ लोक फोनची सेटिंग्ज उलटीपालटी करत बसतात.

तिसरा मार्ग आहे प्रोग्राममध्ये आपलं खातंच जोडण्याचा. आयफोनमध्ये गुगलचं खातं घातलं, थंडरबर्डमध्ये कॅलडॅव्हने आयक्लाउड जोडलं, की नोंद सर्व्हरवर एकच राहते आणि प्रत्येक यंत्र तीच वाचतं, तिच्यातच लिहितं. बदल सबस्क्राइब करण्यापेक्षा सहसा लवकर सगळीकडे दिसतो. रोजच्या अपॉइंटमेंटसाठी शक्य तिथे हाच मार्ग घ्या.

आता माझं ठाम मत सांगतो. बहुतेक लोकांना दोन कॅलेंडरं एकमेकांशी सिंक करायची गरजच नसते. त्यांना ती दोन्ही एकाच पडद्यावर हवी असतात. आयफोनमध्ये ऑफिसचं एक्स्चेंज खातं आणि घरचं गुगल खातं, दोन्ही जोडा. दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या रंगात एकाच आठवड्यात दिसतील. डॉक्टरची वेळ आणि मीटिंग एकमेकींवर येत आहेत हे डोळ्यांना लगेच कळेल. ऑफिसची नोंद ऑफिसच्या सर्व्हरवर राहिली, घरची घरच्या. इकडचं तिकडे काही गेलं नाही आणि बिघडायला काही उरलं नाही. गुगलला आउटलुकशी आणि आउटलुकला आयक्लाउडशी जोडणाऱ्या सेवांच्या मागे लागण्याआधी एवढं करून आठवडाभर बघा.

खातं जोडल्यावर तीन ठिकाणी मात्र लक्ष द्यावं लागतं.

नवी नोंद कुठल्या कॅलेंडरमध्ये जाते, हे पहिलं. फोनमध्ये तीन खाती असतील तर घाईत टाकलेली अपॉइंटमेंट 'डिफॉल्ट' म्हणून निवडलेल्या कॅलेंडरमध्ये जाऊन बसते. आयफोनच्या कॅलेंडर सेटिंग्जमध्ये हे डिफॉल्ट ठरवता येतं. ते आधी तपासा, नाहीतर बहिणीच्या डोहाळजेवणाची नोंद ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये जाईल. अँड्रॉइडवर धोका थोडा वेगळा आहे. अनेक फोनमध्ये फक्त त्या फोनपुरतं एक स्थानिक कॅलेंडर असतं. त्यात टाकलेली नोंद कुठल्याच सर्व्हरवर जात नाही आणि फोन हरवला की तीही गेली. नोंद जतन करताना वर कुठल्या खात्याचं नाव दिसतंय ते वाचायची सवय लावा.

जुन्या नोंदी फोनवर दिसेनाशा होणं, हे दुसरं. आयफोन किती मागच्या नोंदी आणायच्या ते एका मर्यादेत ठेवतो आणि ती मर्यादा सेटिंग्जमध्ये 'सिंक' या नावाखाली बदलता येते. गेल्या वर्षी रक्ततपासणी कधी केली हे शोधताना रिकामा महिना दिसला तर घाबरू नका, नोंद सर्व्हरवर शाबूत असते. मर्यादा वाढवली की परत दिसते.

तिसरं म्हणजे दुसऱ्याने शेअर केलेलं गुगल कॅलेंडर आयफोनच्या कॅलेंडरमध्ये न दिसणं. कुटुंबाचं एक सामायिक कॅलेंडर केलं, संगणकावर ते दिसतं, आयफोनवर मात्र नाही, ही तक्रार फार सर्रास ऐकू येते. गुगलचं 'सिंक सिलेक्ट' नावाचं एक वेगळं पान आहे. ब्राउझरमध्ये ते शोधून उघडा, हव्या त्या कॅलेंडरसमोर खूण करा आणि सेव्ह करा. काही वेळात ते फोनवर येतं.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. थंडरबर्डमध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून कॅलेंडर मूळ प्रोग्रामचाच भाग आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. गुगल आणि कॅलडॅव्ह दोन्ही त्याला जोडता येतात. जुन्या, म्हणजे आता 'क्लासिक' म्हटल्या जाणाऱ्या आउटलुकला कॅलडॅव्ह येत नाही. त्यासाठी 'आउटलुक कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर' नावाचं एक मोफत, मुक्त स्रोत जोडसॉफ्टवेअर आहे. नव्या आउटलुकमध्ये अशी जुन्या धर्तीची जोडसॉफ्टवेअर चालत नाहीत, पण गुगलचं खातं त्यात थेट जोडता येतं. अँड्रॉइडवर गुगलखेरीज दुसऱ्या सर्व्हरचं कॅलडॅव्ह कॅलेंडर हवं असेल तर 'डॅव्हएक्सफाइव्ह' हे ॲप ते काम करतं. आयक्लाउड बाहेरच्या प्रोग्रामला जोडताना तुमचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. ॲपलच्या खात्यात जाऊन त्या एका प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड तयार करावा लागतो. नेहमीचा पासवर्ड चालेना म्हणून तोच बदलत बसू नका.

ऑफिसचं प्रकरण थोडं नाजूक आहे. सहकाऱ्यांना तुम्ही चार वाजता मोकळे नाही हे कळायला हवं, पण चार वाजता तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे आहात हे कळायची गरज नाही. ऑफिसच्या खात्यातलं सगळं कंपनीच्या मालकीच्या सर्व्हरवर असतं आणि व्यवस्थापकांना ते पाहता येऊ शकतं. म्हणून घरचं अख्खं कॅलेंडर ऑफिसच्या खात्यात ओतू नये असं मी कळकळीने सांगेन. काही जण आउटलुकमध्ये घरच्या कॅलेंडरचा पत्ता सबस्क्राइब करतात आणि काम झालं असं समजतात. तुम्हाला स्वतःला ते शेजारी दिसतं खरं, पण मीटिंग लावणाऱ्याला तुमची जी मोकळी वेळ दिसते तिच्यात ते धरलं जात नाही. त्याला तुम्ही मोकळेच दिसता. यावरचा साधा उपाय म्हणजे कामाच्या वेळेत येणाऱ्या मोजक्या खासगी भेटींसाठी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये 'व्यस्त' एवढंच लिहून खासगी खूण केलेली एक नोंद हाताने टाकणं. मूळ नोंद एकाच जागी ठेवायच्या नियमाला हा एवढाच अपवाद मला मान्य आहे, कारण इथे तपशील जात नाही, फक्त वेळ जाते. अशा भेटी रोजच्या असतील तर फक्त 'व्यस्त' एवढंच पलीकडे नेणाऱ्या सेवा मिळतात. त्या जोडण्याआधी ऑफिसच्या आयटी विभागाला विचारा. बाहेरच्या सेवेला ऑफिसच्या कॅलेंडरची चावी देणं बऱ्याच कंपन्यांच्या नियमात बसत नाही.

तरीही दोन कॅलेंडरं खरोखरच दोन्ही बाजूंनी जोडायची वेळ येते. सल्लागार म्हणून दोन संस्थांत काम करणाऱ्यांना किंवा दोन दवाखान्यांत बसणाऱ्या डॉक्टरांना ते टाळता येत नाही. अशा वेळी दुहेरी नोंदी का होतात ते समजून घ्या. आयसीएसमधल्या प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा एक ओळख-क्रमांक असतो. मूळ नोंद आणि तिची प्रत यांचा क्रमांक एकच असला तर प्रोग्रामला कळतं की ही तीच अपॉइंटमेंट आहे, आणि तो जुनीत बदल करतो. मधल्या एखाद्या प्रोग्रामने प्रत करताना नवा क्रमांक दिला की पुढच्यासाठी ती नवीच भेट ठरते. आता गुगल आउटलुकशी जोडलंय, आउटलुक आयक्लाउडशी आणि आयक्लाउड पुन्हा गुगलशी, असं वर्तुळ असेल तर ती नोंद फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत वाढते. म्हणून जोडणी कधीही वर्तुळात करू नका. आणि त्याच दोन कॅलेंडरांमध्ये दोन सिंक सेवा कधीच लावू नका.

याहून त्रासदायक प्रकार पाहुण्यांच्या यादीचा. सिंक करणारी सेवा नोंदीसोबत आमंत्रितांचे ईमेलही पलीकडे नेत असेल तर तिकडचा प्रोग्राम त्या सगळ्यांना पुन्हा निमंत्रणं पाठवू शकतो. तुम्ही नुसती जुनी कॅलेंडरं एकत्र करत असता आणि तीन वर्षांपूर्वीच्या बैठकीचं बोलावणं एखाद्या ग्राहकाला जातं. सेवेच्या सेटिंग्जमध्ये आमंत्रित वगळण्याचा पर्याय शोधा आणि तो आधी चालू करा.

सुरुवात करण्यापूर्वी सगळ्या कॅलेंडरांची आयसीएस प्रत काढून बाजूला ठेवा. गुगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्ट केलं की प्रत्येक कॅलेंडरची वेगळी फाइल एका झिपमध्ये मिळते. मग एक नवं, रिकामं कॅलेंडर तयार करून त्यात चार खोट्या नोंदी टाका. एक साधी, एक दर आठवड्याची, एक दिवसभराची आणि एक दर आठवड्याचीच पण मधला एक वार पुढे ढकललेली. या शेवटच्या प्रकारात सिंक सेवा सर्वांत जास्त चुकतात. चारही पलीकडे नीट पोचल्या, एक इकडून आणि एक तिकडून बदलून पाहिली, खोडून पाहिली, की मग खऱ्या कॅलेंडरला हात लावा. चुकून काही खोडलं गेलं तर गुगल कॅलेंडरच्या ट्रॅशमध्ये ते साधारण ३० दिवस राहतं.

परदेशात मुलं, भावंडं किंवा ग्राहक असलेल्यांना टाइमझोनचा वेगळा ताप असतो. भारताची वेळ वर्षभर एकच, जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन आणि युरोपात हे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. पुण्याहून न्यू जर्सीला दर आठवड्याला संध्याकाळी साडेसातला फोन ठरलेला असेल, तर तिथे तो हिवाळ्यात सकाळी नऊला येतो आणि उन्हाळ्यात दहाला. नोंद भारताच्या वेळेवर बांधली असेल तर तुमचं साडेसात पक्कं राहतं, तिकडचं बदलतं. न्यू जर्सीच्या वेळेवर बांधली असेल तर उलट होतं. कोणाची वेळ हलवता येत नाही ते विचारा आणि नोंद त्याच्या टाइमझोनमध्ये करा. शाळेत मुलाला सोडायला जाणाऱ्या आईची वेळ हलत नसते, निवृत्त आजोबांची बहुधा हलवता येते. यादीत आशिया/कोलकाता आणि आशिया/कलकत्ता अशी दोन नावं दिसली तर दोन्ही एकच आहेत, कुठलंही निवडा.

दिवसभराच्या नोंदी, म्हणजे वाढदिवस आणि सुट्ट्या, यांचा घोळ वेगळ्या कारणाने होतो. मानकानुसार अशी नोंद नुसती तारीख म्हणून लिहायची असते, वेळेविना. पण काही प्रोग्राम तिचा 'मध्यरात्र ते मध्यरात्र' असा अर्थ लावून ठेवतात. भारतातली मध्यरात्र म्हणजे लंडनमध्ये हिवाळ्यात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. म्हणून तिकडच्या फोनवर बाबांचा वाढदिवस दोन दिवसांवर पसरलेला दिसतो. अशा नोंदी एक्स्चेंजपेक्षा गुगल किंवा आयक्लाउडमध्ये ठेवलेल्या बऱ्या.

तिथीने येणाऱ्या दिवसांचं काय? दरवर्षी पुन्हा ये, असा जो पर्याय कॅलेंडरमध्ये असतो तो इंग्रजी तारखेवर चालतो. आजोबांचं श्राद्ध किंवा तिथीने साजरा होणारा वाढदिवस त्याला कळत नाही, आणि अधिक मास आला की अंदाजही चुकतो. त्यासाठी 'तिथी' नावाचं एक वेगळं कॅलेंडर करा, दर पाडव्याला पंचांग समोर ठेवून वर्षभराच्या तारखा त्यात भरा आणि ते घरातल्या सगळ्यांना शेअर करा. कुणा एकाला बदल करायची परवानगी द्या, बाकीच्यांना फक्त पाहण्याची.

शेअर करताना एक जपा. गुगलमध्ये प्रत्येक कॅलेंडरचा एक गुप्त पत्ता असतो. तो ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्डशिवाय तुमचं अख्खं कॅलेंडर वाचता येतं. तो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. चुकून गेलाच, तर सेटिंग्जमध्ये तो रीसेट करता येतो आणि जुना बंद पडतो. आयफोनमध्ये अचानक लॉटरीच्या, व्हायरसच्या इशाऱ्यांच्या नोंदी दिसायला लागल्या तर एखादं सबस्क्रिप्शन चुकून स्वीकारलं गेलेलं असतं. एकेक नोंद खोडण्यात वेळ घालवू नका, ते पूर्ण कॅलेंडरच यादीतून काढा.

सुरळीत चाललेलं सिंक एके दिवशी बंद पडलं, तर बहुतेक वेळा कारण पासवर्ड असतो. तो तुम्ही बदललेला असतो आणि जुन्या यंत्राला ते माहीत नसतं. खातं काढून पुन्हा जोडण्याआधी फोनवर केलेल्या, पण सर्व्हरवर न पोचलेल्या नव्या नोंदी कुठे कागदावर उतरवून घ्या, कारण खातं काढलं की त्या जातात. आणि नोकरी सोडणार असाल, तर राजीनाम्याच्या पत्राआधी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये जाऊन बसलेल्या घरच्या नोंदी शोधा आणि एकेक करून आपल्या स्वतःच्या खात्यात टाका. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते खातं बंद होतं, आणि मुलांच्या लसींच्या तारखा आयटी विभागाकडे मागायला गेलात तर ते त्या देतीलच असं नाही.